दुर्बिणीला कुंकू

कर्जत. दसरा, संध्याकाळ.

आईवर उगाच चिडलो आज. नेमबाजीच्या एअरगनवर नवी दुर्बीण मी कालच बसवली होती, आणि पूजेत तिनं ओल्या बोटानं थेट काचेलाच कुंकू लावलं. काचेला चरे पडतात, हे तिला कसं समजवायचं?

"बंदुकीचा डोळा तोच हाय ना रं? मग टिळा कुठं लावू?"

म्हटलं, डोळा मागच्या बाजूला लावतात. तर मागच्या कडेलाही बोट टेकवलं तिनं. पुढची काच मऊ ब्रशनं झाडून पुसली. मागचं कुंकू रागाच्या भरात राहूनच गेलं. तसाच परसात डब्यावर नेम धरला. चाप ओढणार, तर आई हसायला लागली.

"थांब रं, तुला पन लागलंय."

आरशात पाहिलं. भुवईवर कुंकवाची कोर. म्हणजे दुर्बीण भुवईला टेकत होती, आणि नेमाच्या नादात मला कळलंही नव्हतं. बंदुकीच्या झटक्यानं भुवई फुटली असती. स्क्रू ढिले करून दुर्बीण चार बोटं पुढे सरकवली.

आईला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर पुढच्या दसऱ्याला काचेवर हळदही येईल.

भुवईवरचं कुंकू मात्र अजून पुसवत नाही.