काडी वर होती, दादा

प्रिय दादा,

जय भीम.

काल दुपारी मी एकाला ताटानं मारलं. जेवणाचं स्टीलचं ताट, आडवं धरून, कपाळावर. त्याला चार टाके पडले. सुपरवायझरनं मला दोन दिवस कामावरून बसवलंय, म्हणून खोलीत एकटा आहे आणि तुला लिहितोय. तू जाऊन वर्ष होत आलं. एवढ्यात एक ओळ लिहिली नाही. सातवीनंतर मी पेन धरलं ते हजेरीच्या सहीपुरतं, तुला माहीत आहे. अक्षराला हसू नकोस.

मारलं ते तुझ्यावरून.

इथं जैसलमेरच्या पुढं सोलरच्या प्लेटा बसवायचं काम आहे. चहूकडं नुसतं सपाट. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. तू बघितलं असतंस तर म्हणाला असतास, सुम्या, इथं काय विमान उडेल रे. आमच्या खोलीत कराडचा बाळू आहे, क्रेन चालवतो. त्याच्या डोक्यात तेच आलं. फोमची शीट कापून त्यानं विमान बनवलं, मोटर मागवली. आता रिमोट घ्यायचाय. काल जेवताना त्यानं मला मोबाईलवर एक रिमोट दाखवला, सगळ्यात स्वस्तातला.

"सुम्या, तू उडवायचास म्हनं. ह्यो चालंल का शिकायला?"

मी काही बोलायच्या आत समोरचा मन्या बोलला. मन्या आपल्या तुर्भ्याचा, पण स्टेशनपलीकडचा, तुला ओळखत नव्हता.

"अबे, नको घेऊ. आमच्याकडं एक येडा होता. असाच भंगार रिमोट घेऊन सारसोळ्याला विमान उडवत होता. गेलं ना डायरेक्ट कोळ्याच्या डोळ्यात. मग जो तुडवला त्याला, भाई. रिमोट छातीशी धरून बसला होता म्हणे, पोर असल्यासारखा."

सगळे हसले. बाळू पण हसला. मी उठलो आणि हाणलं.

रक्त डाळीत पडलं. मला बरं वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. त्याचा दात पडला असता तर अजून बरं वाटलं असतं. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा बाळूनं मागून कवळ घातली, मला जमिनीवर पाडलं आणि छातीवर बसला. नव्वद किलोचा माणूस. वरून विचारतो, "लका, एवढं झोंबायला काय झालं? रिमोट खराब होता का नव्हता, तेवढं सांग की."

त्याला नाही, तुला सांगतो.

नव्हता, दादा. रिमोट चांगला होता.

तू म्हणशील, मला काय सांगतोस, मी तिथंच होतो. होतास. पण सगळं तुला माहीत नव्हतं.

तुला आठवतं, तो रिमोट घेतला तेव्हा ग्राउंडवरचे लोक किती हसले होते? टॉवरमधले साहेब लोक मोठाले रिमोट गळ्यात अडकवून यायचे. त्यातला एक म्हणाला होता, "यानं विमान उडवणार? एसी लावा याच्यानं." तू पावणे गावातल्या वर्कशॉपमधून तसाच आला होतास, हाताला ग्रीस. तू शांतपणे सांगितलंस, "साहेब, शिकणारा विमान पन्नास वेळा आपटणार. रिमोट हातातच राहतो. तो कशाला सोन्याचा पाहिजे? आधी हात बसू द्या."

त्या दिवशी मला तुझा राग आला होता. वाटलं, याला लाज कशी नाही. आपण कायम स्वस्तातलंच का घ्यायचं? मला त्या साहेबाची गाडी फोडावीशी वाटली. तू मात्र त्यालाच विचारलंस की शेपटीची पट्टी हलवणारा तुमचा सर्वो कुठल्या बाजूला बसवलाय.

आणि तुझे नियम. मी विमान हातात धरून उभा राहायचो आणि तू रिमोट घेऊन पावलं मोजत मागं जायचास. शेपटीची पट्टी अडखळायला लागली की थांबायचास. तिथपर्यंत रिमोट पोचतो. त्याच्या निम्म्यावर तू हद्द ठरवली होतीस, मासळी वाळवायचे बांबू. "बांबूंच्या पलीकडं न्यायचं नाही. पलीकडं आपल्या रिमोटचा भरवसा नाही आणि पलीकडं माणसं बसतात." दर रविवारी हे ऐकून माझे कान किटले होते.

दुसरा नियम बाइंड करायचा. रिमोट आणि विमानातला रिसीव्हर यांची एकदा ओळख करून द्यायची, म्हणजे रिसीव्हर त्याच रिमोटचं ऐकतो. तू सांगायचास, "ओळख होताना रिमोटवरची मोटरची काडी जिथं असेल, ते रिसीव्हर मनात धरून ठेवतो. उद्या सिग्नल तुटला तर तो तेच करणार. काडी खाली असेल तर मोटर बंद. वर असेल तर फुल. म्हणून आधी काडी खाली, मग बटण." किती वेळा सांगितलंस? शंभर?

त्या रविवारी आपल्याला उशीर झाला होता. जुना रिसीव्हर मी आदल्या दिवशी आपटून मोडला होता, नवा बसवला होता, बाइंड राहिलं होतं. तू म्हणालास, ग्राउंडवर पोचून करू. मला धीर नव्हता. मी बाईकवर मागं बसून केलं. विमान मांडीवर, रिमोट माझ्या पोटाच्या आणि तुझ्या पाठीच्या मधे दाबून धरलेला. तू खड्डे चुकवत होतास. लाइट चमकून स्थिर झाला, झालं बाइंड. नेरूळच्या सिग्नलला तू मान न वळवता विचारलंस, "काडी खाली होती ना?"

"हो रे."

मग मी खाली बघितलं. काडी वर होती, दादा. तुझ्या पाठीला घासून ती पार वर गेली होती. मी ती अंगठ्यानं खाली ओढली आणि गप्प बसलो. परत बाइंड करायचं म्हणजे तुला सांगावं लागणार, तू बाईक बाजूला घेणार, अर्धा तास भाषण देणार. काडी आता खाली आहे ना, मग झालं, असं स्वतःला सांगितलं.

लोक म्हणतात, महागातला रिमोट काडी वर असली की ओरडतो. आपला ओरडत नव्हता, खरं आहे. पण तू ओरडला होतास की. सिग्नलला विचारलं होतंस.

तरी काही झालं नसतं. हद्दीत राहिलो असतो तर सिग्नल तुटलाच नसता. पण तो एसीवाला साहेब त्या दिवशी बघत होता. मी विमान बांबूंच्या वरून पलीकडं काढलं. तू म्हणालास, "सुम्या, मागं." मी अजून पुढं काढलं. तू म्हणालास, "मागं घे, साल्या." तेवढ्यात माझ्या हातातल्या काड्या मेल्या. मी काहीही केलं तरी विमान ऐकेना. मोटर बंद पडली असती तर ते तरंगत कुठंतरी उतरलं असतं, फार तर कुणाच्या पाठीला खरचटलं असतं. पण त्याचा आवाज एकदम वाढला. तो आवाज तू पण ऐकलास. ते गोल फिरत, बोंबलत खाली गेलं.

बांबूंपलीकडं कोळीवाड्यातले हरेश नाखवा जाळं शिवत बसले होते. त्यांनी आवाज ऐकून मान वर केली, म्हणून डोळ्यावर आलं. मान खाली असती तर टोपीवर बसलं असतं.

त्यांची किंकाळी मला अजून ऐकू येते. माणूस एवढ्या बारीक आवाजात ओरडतो हे मला माहीत नव्हतं.

तू माझ्या हातातून रिमोट हिसकावलास. "पळ." एवढंच. आणि मी पळालो. का पळालो, दादा? रस्त्यावर कुणी वाकडं बघितलं तरी मी कॉलर धरणारा माणूस. नाक्यावर तिघांना एकटा भिडलो होतो ते तूच सोडवलं होतंस. त्या दिवशी पायच थांबेनात. खारफुटीत गुडघाभर चिखलात उभा राहून मी सगळं बघितलं.

नाखव्यांचा भाऊ वल्हं घेऊन आला. मागून अजून दोघं. "कोनी उरवला ह्या? डोला फुटला माज्या भावाचा. कोनी उरवला?"

"मी," तू म्हणालास. "माझंच आहे. मीच उडवत होतो."

पहिलं वल्हं खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचं मला चिखलात ऐकू आलं. तू खाली बसलास. मग लाथा. एकानं केस धरून तोंड रेतीत घासलं. तू हात वर केला नाहीस, एकदाही नाही. फक्त म्हणत होतास, "आधी त्यांना दवाखान्यात न्या, मला मग मारा." मला वाटत होतं, जावं आणि एकेकाचं डोकं दगडानं फोडावं. दगड हातात होता. हात चिखलातून निघाला नाही.

मन्याची गोष्ट खरी आहे. तू रिमोट छातीशी धरला होतास. त्याला हसायला आलं. तुला त्यावर माझ्या बोटांचे घामाचे डाग लपवायचे होते का रे? की नुसतंच काहीतरी धरायला हवं होतं?

आता जे मी कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. मोडलेलं विमान तूच घरी आणलं होतंस. तू हाड बसवायला गेलास तेव्हा मी ते गच्चीवर नेलं. बॅटरी जोडली, रिमोट चालू केला, मग बंद केला. मोटर फुल फिरायला लागली. मोडलेला पंखा कठड्याला आपटून उडाला आणि माझी हनुवटी कापली. तू विचारलंस तेव्हा दाढी करताना लागलं म्हणालो होतो. रिसीव्हर मी त्याच दिवशी खाडीत फेकला.

तू आल्यावर विचारलंस, "रिसीव्हर कुठाय?"

"तिथंच पडला असेल. तुझ्या भंगार रिमोटमुळं झालं हे. घेतलास कशाला स्वस्तातला?"

हे मी बोललो. मी. तू चांगल्या हातानं मला दोन थोबाडीत मारल्यास, वहिनी मधे पडली. मग तू खाटेवर बसलास आणि म्हणालास, "खरं आहे तुझं. मी घ्यायला नको होता." दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन तू घरात होती ती पाचही विमानं तोडलीस. एका हातानं. वहिनी रडत होती. फोमचे तुकडे महिनाभर घरात सापडत होते.

दादा, तू एवढा हुशार. दुसऱ्यांदा का नाही विचारलंस? एकदा माझी मान धरून, भिंतीला दाबून विचारलं असतंस तर मी बोललो असतो. माझ्यावर विश्वास ठेवायची ही काय वेळ होती? याचा मला तुझा अजून राग येतो. नंतर तू दर बुधवारी नाखव्यांना बाईकवर बसवून डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचास. डोळा गेलाच, तरी नेत राहिलास. मला ते बघवेना, म्हणून मी मिळेल त्या गाडीनं इकडं निघून आलो. कामासाठी गेला, असं तू सगळ्यांना सांगितलंस.

मग पावण्याच्या रस्त्यावर मागं येणारा ट्रक तुझ्या अंगावर गेला. मी पोचलो तोवर सगळं झालं होतं. तुझ्या जलदान विधीला मात्र होतो. भन्तेजींची वंदना संपली आणि हरेश नाखवा उठले. एका डोळ्याला काळा चष्मा. तुझ्या फोटोला फूल वाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सिद्धूनी माजा डोला घेतला. पन मी त्याला माफ केला हाय. त्याच्या जिवाला शांती भेटूदे."

वहिनीनं मान खाली घातली. मी तिथंच, चार हातांवर बसलो होतो. तोंड उघडलं नाही. तू न केलेल्या कामाची माफी मी तुझ्या फोटोला घेऊ दिली. हे मला वल्ह्याच्या माराहून वाईट वाटतं आणि मी ते वर्षभर गिळून बसलोय. म्हणून हात उठतो माझा. मन्या काय, जो पुढं येईल त्याला.

आज सकाळी मन्याच्या खोलीवर गेलो. तो पट्टी बांधून पडला होता. मी म्हणालो, "तो येडा माझा भाऊ होता. आणि विमान मी उडवत होतो." तो उठून बसला.

"मग ताट तुझ्या डोक्यात घालायचं ना, भडव्या. माझ्या कशाला?"

मी ताट घेऊनच गेलो होतो. पुढं केलं. त्यानं घेतलं, वजन बघितलं आणि बाजूला ठेवलं. "टाके निघू दे, मग बघू," म्हणाला. तो सोडणार नाही. सोडू पण नये.

बाळूला सांगून टाकलं की घे. स्वस्तातला रिमोट शिकायला पुरतो. पावलं मोजून रिमोट कुठवर पोचतो ते बघ, त्याच्या निम्म्यात राहा, माणसांकडं तोंड करून उडवू नकोस. बाइंड करताना पंखा काढून ठेव, काडी खाली, दोन्ही डोळ्यांनी बघ. मग रिमोट मुद्दाम बंद कर आणि मोटर थांबते का ते बघ. नाही थांबली तर घरी जा. बाळू म्हणाला, "हे कुनी शिकवलं?" मी तुझं नाव सांगितलं. येडा नाही म्हणालो. सिद्धार्थ म्हणालो.

बुद्ध पौर्णिमेला सुट्टी मिळतेय. तुला शब्द देतो. आधी वहिनीसमोर बसून सांगेन. मग तिला घेऊन सारसोळ्याला जाईन, नाखव्यांच्या दारात उभा राहीन, त्यांच्या भावाला पण बाहेर बोलवा म्हणेन, आणि सांगेन की त्या दिवशी तुम्ही चुकीच्या माणसाला तुडवलंत. मारलं तर हात वर करणार नाही. त्यांनी तुला दिलेली माफी आधी परत घ्यावी. तुला ती कधी लागतच नव्हती. मला द्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं, आणि नाही दिली तर मी तसाच तिथून घरी येईन.

तुझा,
सुमेध