आबा उभे, म्हणून सगळे उभे

नारायणगाव,
दसऱ्यानंतरचा सोमवार, १९९८

पेठ मुक्कामी राजमान्य राजेश्री सयाजीराव यांसी, त्यांच्या एकुलत्या एका दाजींचा, म्हणजे ज्ञानेश्वरचा, हात जोडून रामराम.

तुमचा खोकला कसा आहे? बटाटे सगळे निघाले का? वहिनींच्या गुडघ्याला मी पाठवलेलं तेल लागू पडलं की तुम्हीच ते बैलाच्या खांद्याला लावून संपवलं? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आबाही ठणठणीत आहेत. (हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना काळजात धस्स व्हायला नको.) खरं तर फोनच केला असता, पण तुमचा फोन येतो किराणा दुकानात, आणि ही हकिगत साखर-चहापत्ती घ्यायला जमलेल्या अर्ध्या गावापुढे ओरडून सांगण्यासारखी नाही. पत्रास कारण, तुमचे तीर्थरूप आबा.

काल आपल्या तेजस्विनीला पाहायला पाहुणे येऊन गेले, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगा आदेश पिंपरीला कारखान्यात सुपरवायझर, घर मूळचं बेल्ह्याचं. फोटो पाहून झाल्यावर तो परत द्यायला तेजूने फार वेळ लावला, तेव्हाच तुमच्या बहिणीने ओळखलं की पोरीचं मन बसलं आहे. त्यामुळे हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून माझा जीव टांगणीला. पिंपरीची माणसं म्हणजे सुधारलेली. धोतर-पटका पाहिला की आपल्यावर खेडवळपणाचा शिक्का मारून मोकळी होतील, अशी मला धास्ती. म्हणून मी आबांना भीत भीत म्हटलं, एक दिवस पॅन्ट घालाल का? मला वाटलं, काठी उगारतील. पण नातीसाठी म्हातारा मेणाहून मऊ. "तेजूसाठी काय बी नेसंन," एवढंच म्हणाले.

मग बाजारातून करड्या रंगाची तयार पॅन्ट आणली, पट्टा आणला. घालून बघताना आबांनी सवयीने नवं धोतर बघावं तशी मांडी घातली, आणि मागची शिवण अशी काही बोलली की तुमची बहीण हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली. शिवण हाताने घातली, पण धागा कच्चा. म्हणून मी आबांना बजावलं, पाहुणे जाईपर्यंत काय वाटेल ते करा, फक्त बसू नका. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. आबांनी आयुष्यात कुणाला दिलेला शब्द मोडला नाही, आणि तो गुण त्यांनी नेमका काल वापरला.

पाहुणे आदेशला घेऊन आले. मुलाचे वडील सफारीत, मी सफारीत, आणि दोन्ही सफारी एकाच चॉकलेटी रंगाचे. (एकाच बँडपथकातले दोघे समोरासमोर यावेत तसे आम्ही एकमेकांकडे पाहिलं.) मुलाची आजी सरूबाई पाचवारी नेसून दोन बोटांनी निऱ्या उचलत जपून जपून आल्या. मी खुर्च्या पुढे केल्या. पाहुण्यांनी आबांकडे पाहिलं. आबा भिंतीला टेकून हात जोडून उभे. "बसा की पावणं," आबा म्हणाले. "तुमी वडील मान्सं, आधी तुमी बसा," पाहुणे म्हणाले. "न्हाई न्हाई, मी हाय बरा." आता घरातला सर्वांत वडील माणूस उभा असताना आपल्याकडे खुर्चीला कोण पाठ लावणार? पाहुणे उभे राहिले. पाहुणे उभे म्हणून मी उभा. तेजू पोह्यांचा ट्रे घेऊन आली, तिने सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि पंगतीला वाढावं तशी ओळीने बशा हातात देत गेली. पाहुण्यांना वाटलं, नारायणगावात अशीच नवी पद्धत निघाली असेल. मला वाटलं, पिंपरीत हल्ली असंच असेल. नाव विचारलं उभ्याने, शिक्षण विचारलं उभ्याने, चहा झाला उभ्याने. प्रश्न आखडत चालले, मुलाचे वडील घड्याळ बघायला लागले. आतल्या दाराशी तेजूचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. स्थळ माझ्या डोळ्यांदेखत हातून चाललं होतं.

शेवटी सरूबाईंनी तोंड उघडलं. "बाबा, मघाधरनं उभं हायसा, पाय दुखत न्हाईत व्हय?"

आबांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "पाय न्हाई दुखत बाई, प्यांट दुखतीया. बसलो तर उसवंल म्हनून जावयानं बसू नका म्हनलंय."

धरणी दुभंगली असती तर मी सफारीसकट आत गेलो असतो. आणि मग सरूबाई अशा हसल्या की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. "आरं देवा! मलाबी ल्याकानं ह्या पाचवारीत गुंडाळलंया. नारायणगावची मान्सं लई सुधारल्याली, लुगडं बघून नावं ठिवतील म्हनं. ही नाडी कंबरंला काचतीया नुसती!" मुलाचे वडील आपल्या बुटांकडे पाहायला लागले. मीही माझ्या बुटांकडे पाहिलं. त्या वेळी आम्हा दोन्ही सफारींची मनं जुळली.

आबा आत गेले. पेठहून आणलेले धोतर आणि पटका त्यांच्या पिशवीत होतेच. सरूबाईंसाठी तुमच्या बहिणीने ट्रंकेतून तुमच्या आईचं, कुशाबाईंचं, अंजिरी नऊवारी काढलं. सयाजीराव, ते लुगडं नेसून सरूबाई बाहेर आल्या तेव्हा आबांनी क्षणभर पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. कुशाबाईंच्या हातची भाकरी मीही पुष्कळ खाल्ली आहे.

मग दोघे सतरंजीवर ऐसपैस बसले, आणि आबा बसल्याबरोबर सगळं घर बसलं. बेल्ह्याचा बैलबाजार, पेठच्या शर्यतीच्या घाटातले जुने बैलगाडे, कुणाची खोंडं कशी पळायची, अशी बोलणी रंगली आणि त्यातच मध्ये कुठेतरी लग्न ठरूनही गेलं. मी मात्र आबांकडेच बघत होतो. काय तो थाट! काष्टा ओढून घट्ट खोचलेला, सोगा हातात, डोक्यावर पांढराशुभ्र पटका. आणि ते धोतर तरी किती कामाचं! घाम पुसा, ऊन लागलं तर डोक्यावर घ्या, बाजारातून शेंगा सोग्यात बांधून आणा. आमच्या सफारीत चार बटणांपलीकडे काय आहे? आणि सरूबाई! पाचवारीत पाऊल मोजणारी बाई काष्टा घालताच अशी चालली की चाळिशीतली वाटावी. याच काष्ट्यावर आपल्या बायकांनी विहिरी उपसल्या, बांध चढले, कांदे खुरपले. पटका दिसला की माणूस भोळा आणि सफारी दिसला की साहेब, हे कुणी ठरवलं कोण जाणे. निघताना सरूबाई म्हणाल्या, "लगनात मांडवाच्या दारात धोतर-पटक्यातला मानूस उभा पायजे. न्हाईतर मी तशीच माघारी फिरंन." हसत म्हणाल्या, पण मुलाचे वडील कानात सांगून गेले की आई खरंच फिरते.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा दाजी,
ज्ञानेश्वर

ता. क. हे पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात भानगड झाली. आबा अजून इथेच आहेत, आणि पॅन्टमध्ये आहेत! शिंप्याकडून त्यांनी स्वतः मागे जोड लावून घेतला, आता मांडीही घालतात. एका खिशात तंबाखू, दुसऱ्यात चुना, तिसऱ्यात चष्मा. बंडीला म्हणे एकच खिसा होता. एसटीत कंडक्टर म्हणाला, साहेब, इकडे बसा. तेव्हापासून आबा हवेत आहेत. लग्नातही पॅन्टच घालणार म्हणतात. मी सरूबाईंची अट सांगितली तर उसळले, "मी काय तुमच्या पावण्यास्नी दावाया धोतर नेसत व्हतो व्हय? आंगाला बरं वाटायचं म्हनून नेसत व्हतो. आता ही बरी वाटतीया." तुम्ही त्यांचे चिरंजीव, तुम्हीच समजूत घाला.

ता. क. २. समजूत घालू नका. काल मी त्यांना वरचं धोतराचं कौतुक वाचून दाखवलं, वाटलं, विरघळतील. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि म्हणाले, "लई झ्याक लिवलंय. येवढं चांगलं हाय तर जावई, तुमीच नेसा की." तेजूने टाळी वाजवली, आणि तुमच्या बहिणीने पिंपरीला फोन करून सरूबाईंची परवानगीही घेतली. तरी आबांचं एक जाडसर धोतर घेऊन लग्नाच्या आधीच या, मला नेसवा, आणि मांडवात माझ्या पाठीमागून हलू नका. इथे सगळ्यांचं हसून झालं आहे. तुम्हाला काय हसायचं ते पेठलाच हसून या.