सोलारचं कोमट पाणी

३ जानेवारी

आजही सोलारचं पाणी कोमट! डिसेंबरभर हेच चाललंय. लातूरची थंडी ती काय, पण पहाटे नळाखाली हात धरला की काटा येतो अंगावर. फोनवर आलोकला बोलून गेले आणि पस्तावले. लेकाचं लगेच सुरू – "प्रेमलाबाई, बस झालं आता एकटं राहणं! पुण्याला चल. बटण दाबलं की गरम पाणी." लाडात आला की आईला नावानं हाक मारतो. संक्रांतीला येणार म्हणे, आणि घेऊनच जाणार. मी काय पिशवी आहे? हे घर आम्ही दोघांनी बांधलं. हे गेले तेव्हासुद्धा मी हलले नाही, आता पाणी कोमट म्हणून हलू?

उर्वीला फोन दे म्हटलं, तर सूनबाई ऑफिसात.

५ जानेवारी, रविवार

संगप्पा प्लंबर आला. अंगणातूनच वर बघितलं. "काकू, टाकी गेली हो. लई जुनी झाली. नवीच बसवा." म्हटलं, अरे, वर तर चढ! "गुडघे दुखायलेत काकू." माझे गुडघे त्याच्याहून म्हातारे. मीच चढले. काचेच्या नळ्यांवर धूळ, कबुतरांची घाण. सगळं घासून लख्ख केलं. एकही नळी फुटलेली नाही, टाकी कुठं गळत नाही. आणि म्हणे टाकी गेली!

बघतेच आता.

आलोकचा फोन. उर्वी ऑफिसात. रविवारी? असेल बाई.

७ जानेवारी

काल संध्याकाळी गरम नळ सोडून बघितला – चटका बसला! म्हणजे टाकी ठणठणीत आहे. आज पहाटे पुन्हा कोमट. गच्चीवर गेले तर सोलारच्या टाकीवरची हवेची नळी ठिबकत होती, खाली सगळं ओलं. रात्रभर मी थेंबही वापरला नाही, मग टाकी भरून वाहते कशी? कुठून तरी पाणी आत शिरतंय. कुठून?

९ जानेवारी

आलोकनं माझं तिकीट काढलं. न विचारता! "आई, हट्ट करू नको ना." आता कुणाचा हट्ट मोठा ते दिसेलच.

११ जानेवारी

गॅस वाचतो म्हणून डाळीला मी सोलारचंच पाणी घेते. आज शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, तरी तूर टणकच! शेजारच्या साखराबाईंनी वरणात पळी घालून बघितली. "बोअरचं पाणी टाकलंस व्हय गं? त्यात डाळ शिजती का कुठं!"

नाही टाकलं. सोलारला नळाचं गोडं पाणीच जातं. बोअरची टाकी वेगळी, जिन्याच्या डोक्यावर, सोलारच्याही वर. तिचं पाणी फक्त बाथरूमच्या थंड नळाला.

पण डाळ खोटं बोलत नाही. सोलारमध्ये बोअरचं पाणी आहे!

१२ जानेवारी, रविवार

सापडलं!! दोन्ही पाणी एकत्र येतं ते एकाच जागी – बाथरूममधल्या शॉवरच्या नळात. तो हातात धरायचा शॉवर आलोकनंच दिवाळीत बसवून दिला, मला वाकायला नको म्हणून. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यापासून मी तांब्याभर पाणीही वाया घालवत नाही. गरम-थंड जमवताना पाणी फुकट जातं, म्हणून एकदा जमवलं की दोन्ही चाव्या तशाच उघड्या ठेवायच्या आणि फक्त शॉवरचं बटण बंद करायचं. केवढी हुशार मी! बाहेर यायची वाट बंद, आतली मोकळी. दिवसा ऊन तापवायचं, पण रात्रभर उंचावरचं गार पाणी सगळं गरमच्या पाइपातून सोलारमध्ये चढत होतं. तांब्याभर वाचवायला गेले आणि टाकीभर घालवलं! एकटीच पोट धरून हसले.

सोलारमधलं सगळं पाणी झाडांना सोडलं, गोडं भरलं. दोन्ही चाव्या घट्ट बंद.

१३ जानेवारी, भोगी

कडक पाणी! तीळ लावून डोक्यावरून न्हाले. आरशावर वाफ. संगप्पाला मुद्दाम बोलावून नळाखाली हात धरायला लावला. "हाव काकू, भाजायलंय की!" टाकी गेली म्हणे!

आलोकला फोन लावला. तिकीट रद्द कर. तुझी आई कुठं जात नाही! तो नुसतं "सकाळी येतो" म्हणाला.

१४ जानेवारी, संक्रांत

एकटाच आला. उर्वी दिवाळीनंतरच घर सोडून गेली. "आई, पाण्याचं नुसतं निमित्त होतं गं. त्या घरात मला एकट्याला राहवत नाही."

त्याला कडक पाण्यानं आंघोळ घातली, लहानपणी घालायचे तशी पाठ चोळून. मग विचारलं, तिकीट रद्द केलंस? नाही म्हणाला. म्हटलं, राहू दे.