हमीद यायच्या आत

११ मार्च २००२

हे गेले त्याला आठवडा झाला. इद्दत पाळते आहे. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाय नाही, परक्या पुरुषासमोर येणं नाही. मला काही जड जात नाही. आखातातल्या या उम्म अल कुवैनमध्ये जायचं तरी कुठे होतं!

संध्याकाळी हमीदचा फोन. पुन्हा तेच. दफन झाल्यावर का कळवलंस? मी म्हटलं, मयत ताटकळत ठेवू नये. तो म्हणाला, "मुलासाठी ठेवतात, अम्मी. मी तिथला कोणीच नव्हतो का?"

फोन त्यानेच ठेवला.

१२ मार्च

खरं ते इथे लिहिते. बोलायचं नाहीच आहे.

हॉस्पिटलमध्ये हे शुद्धीवर होते. म्हणाले, "हमीदला कळवू नकोस. मी गेलो तर त्याच दिवशी माती द्या. तो यायच्या आत."

हमीदचं ग्रीन कार्ड अडकलं आहे. वकिलाने बजावलंय – अर्ज चालू असताना परवानगीशिवाय देश सोडलास तर अर्ज खलास. जुना व्हिसाही संपलेला. गेल्या सप्टेंबरपासून आपल्या नावांकडे तिथे दोनदा बघतात, ते वेगळंच.

हे सकाळी गेले. दुपारी असरच्या नमाजानंतर माती झाली. मग मी अमेरिकेला फोन लावला.

'तुझ्या अब्बांनीच सांगितलं होतं' एवढं म्हटलं तर माझ्यावरचा राग उतरेल. पण मग तो कार्ड टाकून मिळेल त्या विमानाने येईल. त्यापेक्षा रागावू दे.

२९ मार्च

शुक्रवार. हमीदचा फोन नाही.

७ एप्रिल

वरच्या मैमुनाबी येऊन बसल्या. त्यांना हमीदच्या घराचा फोटो बघायचा असतो. पुढे हिरवळ, बाजूला गाडी. हे तो फोटो कामावर यार्डात सगळ्यांना दाखवायचे. हे गॅरेज बघा, आपली खोली यात तीनदा बसेल! मैमुनाबी म्हणाल्या, "मग तुम्ही इथे कशाला सडताय, भाभी? गॅरेजात राहिलात तरी चैन." हसले. बऱ्याच दिवसांनी.

त्या गेल्यावर फोटो उलटा करून ठेवला.

हमीद लहान असताना हरणईला हे लाँचवर खलाशी होते. पावसाळ्यात लाँच बंद, मग चूल कधी पेटे, कधी नाही. शेजारी जेवायला बसले की मी हमीदला आत घेऊन दार लावायची. मग हे इकडे आले, बोटी दुरुस्त करायच्या यार्डात. दोन वर्षांनी रजा. हमीद इंजिनियरिंगला गेला तेव्हा तीही घेतली नाही. कॅसेटवर बोलून पाठवायचे – नीट जेव, अभ्यास कर, आमची काळजी करू नकोस. हमीदला बाप मिळाला तो असा. मी इकडे राहायला आले तोवर तो अमेरिकेला पोचलाही होता.

म्हणून त्याचा राग मला कळतो.

२१ एप्रिल

यार्डातले बदरुद्दीनभाई मासळी घेऊन आले. हे आणि ते वीस वर्षं एका खोलीत, मी आल्यावरही एकाच यार्डात. दाराआडूनच बोलले. माझा व्हिसा यांच्या नावावरचा, त्याचं काय, ही धास्ती होती. यार्डाच्या अरब मालकाने निरोप दिलाय, इद्दत संपेपर्यंत कोणी हात लावणार नाही. त्याची आईही अशीच बसली होती.

नंतर कुठे, ते कोणी विचारलं नाही.

३ मे

हमीदचा फोन. नीट बोलला, पाहुण्यांशी बोलतात तसं. कार्ड झालं की तुला बोलावून घेतो, खोली तयार आहे, बाथरूम आतच. मी म्हटलं, इन्शाल्ला. त्याचे पैसे जात होते, पण फोन कोणीच ठेवेना.

१९ मे

बदरुद्दीनभाई महिनाअखेर कायमचे गावी चाललेत. गुडघे गेले. दाराआडून म्हणाले, भाभी, एक मनात आहे. इथल्या कब्रस्तानात नाव लिहीत नाहीत. डोक्याशी नुसता दगड. शेजारी नव्या कबरी पडताहेत. मला यांची कबर डोळे मिटून दाखवता येईल, पण दाखवू कोणाला?

मी बाई माणूस, कब्रस्तानात जायची नाही, त्यातून इद्दतीत. काय सांगणार? बरं म्हटलं.

संध्याकाळी हमीदचा फोन आला, त्याला हे सगळं सांगितलं. इतर गोष्टी सांगाव्यात तसं. शेवटी म्हटलं, ते गेले की जागा ओळखणारं कोणी उरायचं नाही.

त्याने विचारलं, "महिनाअखेर म्हणजे कधी?"

२० मे

काय बोलून बसले मी! इतके दिवस तोंड आवळून धरलं, आणि काल थकून सगळं सांगून टाकलं. यांना काय तोंड दाखवू?

२१ मे

फोन लावला. समजावलं, येऊ नकोस, तुझ्या अब्बांनाही आवडलं नसतं. "तू नको सांगूस त्यांना काय आवडलं असतं," म्हणाला. तेव्हा सांगून टाकलं – हॉस्पिटलातलं सगळं, शब्द न् शब्द. वाटलं, बापाची आज्ञा तरी ऐकेल.

रडला. मोठ्याने. तान्हा होता तेव्हा रडायचा तसा. मग म्हणाला, परवानगीचा अर्ज करतो, वकिलाशी बोलतो. मला बरं वाटलं.

२५ मे

हमीदकडे फोन वाजतो, तो उचलत नाही. कामात असेल.

२७ मे

हमीद आला. एक बॅग. परवानगीचं विचारलं तर मान हलवली, नाही म्हणून. बदरुद्दीनभाईंबरोबर कब्रस्तानात जाऊन आला. मी वाढलं. जेवता जेवता म्हणाला, "यार्डातली बदरूचाचांची जागा आता रिकामी होईल ना? मालकाला विचारू का?"

थट्टा वाटली. मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून जेवत होता.