स्थळांच्या यादीला कुलूप

९ मार्च २०१४, रविवार. वैशाली, गाझियाबाद

आज आमच्या बौद्ध मंडळाच्या बैठकीत द्वारकाबाईंनी माझे वाभाडे काढले. त्यांच्या मुलीला, सुरुचीला, मानेसरहून कुणा अनोळखी माणसाचा फोन — "प्रोफाइल देखी आपकी!" प्रोफाइल कुठे? मंडळाच्या वधू-वर यादीत. यादी कुठे? माझ्या घरी, फ्रिजशेजारच्या जुन्या कॉम्प्युटरवर. सर्व्हर म्हणतात त्याला. निवृत्तीनंतर शिकलो, चारचौघांत मिरवलं. भोगा आता!

"पुढच्या रविवारपर्यंत बंदोबस्त करा, दादाराव, नाहीतर यादी बंद," द्वारकाबाई म्हणाल्या. यादी बंद म्हणजे माझ्या मुलीचं, मैत्रीचंही पान बंद. तिशीला आली पोरगी. तिची आई रमाबाई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. तिचं चांगलं झालेलं बघायचं, एवढंच उरलंय.

१० मार्च

चूक सापडली. पासवर्डची कटकट नको म्हणून गूगलचं लॉगिन ठेवलं होतं. माणूस कोण, ते गूगल सांगतं. तो आपला आहे का, हे मी तपासायचं होतं. तपासलंच नाही! सोसायटीच्या गार्डने नाव लिहून घ्यावं आणि अख्ख्या गावाला आत सोडावं, तसं. बत्तीस वर्षं सरकारी फायली तपासल्या मी!

११ मार्च

बेचाळीस पालकांचे ईमेल टाकले. यादीत नाव असेल तरच प्रवेश. मुलामुलींना नाही — स्थळं आईबापांनीच बघायची, हा मंडळाचा जुना नियम.

सर्व्हरची गुप्त किल्लीही बदलली. जुनी मीच सवयीने टिपणावर लिहून सगळ्या पदाधिकाऱ्यांना 'माहितीस्तव' पाठवली होती!

१३ मार्च

यादीत कोण कधी आलं, त्या जुन्या नोंदी चाळल्या. महिनाभर रोज दुपारी दीडला कुणीतरी मैत्रीचं पान उघडतंय. नाव मंडळाच्या विठ्ठलरावांचं! वय शहात्तर. फोन केला. म्हणाले, "अहो, मला टीव्हीचा रिमोट जमत नाही."

म्हणजे त्यांच्या नावाने कुणी भलताच माझ्या पोरीचा फोटो बघतोय. डोकं भणाणलं. मैत्रीला सांगितलं, तर म्हणते, "बघू दे ना बाबा, यार." यार! बापाला!

१४ मार्च

उलगडलं! सगळ्या म्हाताऱ्यांची गूगल खाती आमचे सचिव हरीश यांनी एका दुपारी उघडून दिली होती. पासवर्ड सगळ्यांचा एकच — बाबासाहेबांची जन्मतारीख. वर मलाच विचारतात, "विसरणार कोण?" कुणीच नाही, हीच तर पंचाईत!

१६ मार्च, रविवार

बुद्धवंदना झाल्यावर, खीर वाटायच्या आधी, सगळ्यांना ओळीने बसवलं. पासवर्ड बदलल्याशिवाय खीर नाही! विठ्ठलरावांनी नवा पासवर्ड खणखणीत आवाजात वाचून दाखवला. पुन्हा बदलला. शिवाय आता मोबाइलवर आलेला आकडा टाकल्याशिवाय कुणाचंच खातं उघडणार नाही. द्वारकाबाई चक्क हसल्या. यादी वाचली!

आता ये म्हणावं, भामट्या.

१८ मार्च

दीड वाजता कुणी आलं नाही. जिंकलो!

संध्याकाळी मैत्री ऑफिसमधून आली, चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, आता मला माझं पान दिसतच नाही. ती ओळ काढलीत का?"

कुठली ओळ?

"'मुलगा दिल्लीचाच हवा, मुलगी वडिलांना सोडून जाणार नाही.' विठ्ठलकाकांच्या नावाने रोज बघत होते. तुम्ही काढलीत की बंगलोरच्या नोकरीचं सांगणार होते."

ओळ काढली. नोकरीचं पत्र वाचलं, पगार चांगला आहे. रडू मात्र आवरलं नाही.