त्रेचाळीस उणिवांचं घर

ती. वहिनींना,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण बेडरूम मापून पाहिली तर पाय दाराबाहेर जातात. तेव्हा उभ्यानेच नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? दादाचा स्वभाव कसा आहे? (दोन्हींना शेकल्यावर जरा बरं वाटतं, असं माझं निरीक्षण आहे.) मी मजेत आहे.

घर छान आहे. एक बेडरूम, नवी फरशी, नवा रंग, आणि गल्ली इतकी शांत की पहिल्या दिवशी मी खुर्ची सरकवली तर समोरच्या बाई खिडकीत आल्या. मालक निवृत्त सुतार. सगळे त्यांना सुतारकाका म्हणतात. जागेची सगळी दुरुस्ती त्यांनी सात महिने खपून एकट्याने केली. त्यांची पद्धत अशी, की पंधरा दिवस राहून बघायचं, खटकेल ते लिहून द्यायचं आणि पटलं तर करार करायचा. आता मला ‘लिहून द्या’ म्हणणं कितपत सुरक्षित आहे, ते तुम्ही जाणताच. इतर लोक ‘नळ गळतो’ एवढं लिहितात. मी त्रेचाळीस उणिवा लिहिल्या. क्रमांक सोळा: बाथरूमचं दार लावलं की स्वयंपाकघरातलं कपाट उघडतं. क्रमांक एकतीस: खिडकी सरळ आहे, भिंत नाही. काकांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं, चष्मा पुसला आणि “बरं” म्हणून जिना उतरले.

त्या ‘बरं’ने माझं जेवणावरचं मनच उडालं. माणसाने सात महिने घाम गाळला आणि मी भिंत वाकडी म्हणाले! हा खरेपणा, की नुसता खोचकपणा? दोन दिवस विचार करून (निष्कर्ष: साठ-चाळीस) मी प्रायश्चित्त म्हणून त्रेचाळीस गुणांची यादी लिहिली आणि त्यांच्या दाराखालून सरकवली. शेवटी शेवटी गुण सापडेनात. बेचाळिसावा ‘छत वर आहे’ असा आहे. काका खूश झाले. इतके, की यादी त्यांनी फाटकावर चिकटवली. वहिनी, शनिवारी सकाळी सहा माणसं घर बघायला आली! करार कुठे झाला होता? एका जोडप्याने तर मी उभी होते तिथेच सोफा ठेवायचं ठरवलं.

“सकाळचं ऊन खरंच ओट्यापर्यंत येतं का हो?” त्यातल्या बाईंनी विचारलं. नाही म्हटलं असतं तर घर वाचलं असतं. पण येतं ना! “येतं,” मी म्हटलं, आणि रडू आवरत पहिल्या यादीची प्रतही त्यांच्या हातात दिली, कारण अर्धंच सांगणं बरं नव्हे. (यात माझा स्वार्थ होता का? होता. पण यादी खरी होती.) सोळाव्या क्रमांकाची त्यांनी खातरजमा केली. नवऱ्याने बाथरूमचं दार लावलं, इकडे कपाटातला साखरेचा डबा बायकोच्या पायावर. सहाही जण गेले.

काका जिन्यातच उभे होते. म्हटलं, आता गाशा गुंडाळा. तर म्हणाले, “त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मला ठाऊक होत्या, बाई. चव्वेचाळिसावी तुम्हाला सापडली नाही. ती मी सांगणार नाही. राहा खुशाल.”

सोमवारी करार आहे. दादाला नमस्कार.

तुमची,
एकदाची गेलेली नणंद

ता. क. करारासाठी एक बारीकसा कागद लागतो. आधी जिथे राहत होते, तिथल्या घरच्या माणसाने ‘या बाईंचा त्रास नाही’ असं लिहून द्यायचं. नऊ वर्षं तुमच्याकडेच होते, तेव्हा तुम्हीच लिहा. दादाला सांगू नका. तो खरं लिहील.

आणखी एक ता. क. माळ्यावर माझी एक निळी वही राहिली आहे. वर ‘वहिनींचं घर: उणिवा’ असं लिहिलंय. कृपा करून उघडू नका. नाही, उघडा; लपवणं बरं नव्हे. पण आधी कागद पोस्टात टाका. आणि उघडलीच, तर राग गिळून दोनशे बाराव्या क्रमांकापर्यंत वाचा. तिथे ‘या घरातून पाय निघत नाही’ असं आहे. मी तीही उणीवच धरली होती.