टाळ्यांची दहा हजार पावलं

ती. ताईस धाकट्या गोंधळ्याचा शिरसाष्टांग नमस्कार.

लाकडी जिन्यावर धप् धप् पाय आपटत तू कविता म्हणायचीस, तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. (तिसरी पायरी तुझ्यामुळे मोडली नाही, हे मी अजूनही सर्वांना सांगतो.) गुडघे कसे आहेत? माझी तब्येत ठणठणीत. घराची मात्र बिघडली आहे.

आपली नात सतरा वर्षांची झाली. अंगापिंडाने थेट तू: तेच रुंद खांदे, त्याच भरदार पोटऱ्या. पण तिच्या मनगटावर एक घड्याळ आलंय. ते वेळ सोडून सगळं सांगतं. मोबाइलमध्ये तिच्या देहाचं चित्र उमटतं, त्यात पाय लाल दिसतात. लाल म्हणजे चरबी जास्त. दहा हजार पावलं झाली नाहीत की पोरगी जेवत नाही. पूर्वी माझ्याकडून घासागणिक कवितेची एक ओळ म्हणवून घ्यायची. आता मी पहिली ओळ म्हणेपर्यंत ताट सरकवून फेऱ्या मारायला जाते.

मग मला शोध लागला. दुपारी ती घड्याळ काढून अभ्यासाला बसते. मी ते हाताला बांधलं आणि तू शिकवलंस तसा टाळीवर ठेका धरून कविता म्हटली. प्रत्येक टाळीला घड्याळाने एक पाऊल मोजलं! आठवडाभर मी दार लावून रोज चार हजार पावलांच्या कविता म्हटल्या. (तळहात लाल झाले. माझे लाल चालतात.) पोरगी रोज जेवली. आठव्या दिवशी घड्याळाने तिचं अभिनंदन केलं आणि आकडा पंधरा हजारांवर नेला. काल ती पुन्हा उपाशी उठली. म्हणाली, “आजोबा, एवढं चालूनही माझे पाय जाडच!”

आता कुठल्या तोंडाने सांगू, की ते मी चाललोय?

तुझा,
गोंधळ्या

ता. क. खरं काम राहिलंच. शाळेत रस्सीखेच जिंकलीस तेव्हाचा फोटो पाठव. सर्वांत मागे, कमरेला दोर गुंडाळून, पाय रोवून तू उभी आहेस तो. तिला ते पाय दाखवायचे आहेत.

दुसरा ता. क. फोटो राहू दे. जिन्यावर धप् धप् ऐकू आलं म्हणून दार उघडलं, तर तूच! नातीने तुला फोन केला म्हणे: “आत्याआजी, लवकर ये, आजोबा खोलीत एकटेच टाळ्या वाजवतात.” तू दारातच गुडघा धरून उभी आहेस. ती तुझ्या पायांकडे बघते आहे, मग स्वतःच्या.

“चार मजले चढलीस?” पोरगी विचारते.

“याच पायांनी, बाई. भूक लागलीय. माझ्याबरोबर कोण बसतंय?”

मी ताटं मांडायला उठतो. तीन मांडतो.